मेल्या कातड्यावरचं गोंदण

आंजीत धुरपताला शिवी न दिलेली बाई शोधून सापडली नसती. पाटलाच्या सुनेनं दिली होती, तेलिणीनं दिली होती, गोंडी मोहल्ल्यातल्या तर झाडून सगळ्यांनी दिली होती. आणि दिली नसती तर धुरपतालाच वाईट वाटलं असतं. ती गोंदणारी होती. सुयांचा झुबका हातात उतरला की भल्याभल्या सोशिक बायांच्या तोंडून असं काही निघायचं की शेजारच्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत बसायच्या. सासूनं तिच्या हाती सुई देतानाच बजावलं होतं, की पोरगी शिव्या देते आहे तोवर सगळं ठीक आहे असं समज. शिवीचा राग धरायचा नाही. शिवी म्हणजे कातडं जितं असल्याची खूण.

सासूनं दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. ही सुई मेल्या कातड्याला कधी लावायची नाही. का, ते सांगितलं नव्हतं, आणि त्या घरात सासूला 'काऊन' विचारायची पद्धत नव्हती.

झुबका म्हणजे दोऱ्यानं घट्ट आवळून बांबूच्या कांडीत बसवलेल्या सुया. तो सासूच्या सासूपासून चालत आलेला. एखादी सुई मोडली तर तेवढीच बदलायची, सगळा झुबका कधी टाकायचा नाही. एरंडेलाच्या दिव्यावर खापर धरून काजळ पाडायचं, ते खलून सुया त्यात बुडवायच्या आणि गाणं गुणगुणत टोचत जायचं. गाण्यानं दुखणं कमी होत नाही, पण पोरीचं लक्ष जरा दुसरीकडे जातं. शेवटी हात धुऊन हळद-तेल लावलं की काम झालं. माणूस मेलं की अंगावरचा डाग-दागिना घरचे उतरवून घेतात. गोंदण तेवढं सोबत जातं आणि पलीकडे आपली माणसं त्यावरूनच आपल्याला ओळखतात, असं त्या मोहल्ल्यातली प्रत्येक बाई मानायची. त्यामुळे धुरपताचा धंदा लहान असला तरी जबाबदारी मोठी होती, आणि तिला ती ठाऊक होती.

तिच्या स्वतःच्या मनगटावर एक गोंदण होतं, तसं गावात कुणाच्याही हातावर नव्हतं. एक खोड, त्याला दोन फांद्या, खाली ठिपक्यांची माती. बहीण रामबाई लग्न होऊन निघाली तेव्हा धुरपतानं ते दोघींच्या हातांवर काढलं होतं. एक फांदी तुझी, एक माझी. पुढे रामबाई पोटाच्या दुखण्यानं गेली आणि तिची रांगती पोर पंचफुला धुरपताच्या ओटीत आली. धुरपताला मूलबाळ नव्हतं. नवरा पुनाजी जंगलात ठेकेदाराकडे कामाला जायचा, मोजकं बोलायचा, पण पंचफुलासाठी येताना चारं, टेंभरं असलं काहीतरी रानफळ फडक्यात बांधून आणल्याशिवाय राहायचा नाही. पंचफुलाचं लग्न ठरेल तेव्हा तिच्या हातावर तेच झाड काढायचं, हे मावशीनं मनाशी केव्हाच पक्कं केलं होतं.

वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला ते हे साल. वर्धा मुंबईत गेला आणि मुंबई ताराचंदच्या रूपानं आंजीत आली. ताराचंदचं वर्ध्यात कातडी सामानाचं दुकान होतं. पूर्वी तो चपला आणि पट्टे विकायचा, आता त्याला मुंबईच्या बड्या बायकांच्या पर्सांचा नाद लागला होता. तिकडच्या काचेच्या दुकानांत म्हणे आता खेड्यातली जुनी कला चालते. ज्या बाया आपल्या हातावर गोंदणाचा ठिपका खपवून घेणार नाहीत, त्या तेच गोंदण पर्सवर असेल तर मागाल ती किंमत देतात. ताराचंदनं आधी एका पेंटरकडून ब्रशनं नक्षी काढून पाहिली. मुंबईहून उत्तर आलं, की ही रंगवलेली आहे, टोचलेली पाहिजे.

म्हणून तो बाजाराच्या दिवशी मऊ कातड्याचे तुकडे, रंगाची बाटली आणि मशीनच्या कोऱ्या सुयांचं पुडकं घेऊन धुरपताच्या ओट्यावर येऊन बसला. तुमच्यासारखा कारागीर अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं तो म्हणाला. धुरपताला आजवर गोंदणारी म्हणत आले होते, बुढी म्हणत आले होते, आणि शिव्यांचा तर हिशेबच नव्हता. कारागीर कुणी म्हटलं नव्हतं. तो शब्द गुळाच्या खड्यासारखा तिच्या जिभेवर विरघळत राहिला.

सासूची गोष्ट तिला आठवली नाही असं नाही. पण हे कातडं कमावलेलं, वास सुद्धा न येणारं. त्याला मेलेलं म्हणायचं की नाही, हेच तिला ठरवता येईना. आणि माणूस एकदा ठरवता येत नाही म्हणाला, की बहुधा त्याचं ठरलेलंच असतं. ताराचंदनं सुयांचं पुडकं पुढे केलं तेव्हा मात्र ती हसली. मशीनच्या सुईनं काढलं ते गोंदण कसलं, ती तर शिलाई झाली. तिनं सासूचा झुबका काढला.

विंचू, तुळस, पाळणा असल्या नक्ष्या ताराचंदला नको होत्या, त्या पेंटरनं काढून झाल्या होत्या. दुसऱ्या कुणाकडे नसेल असं काही द्या, म्हणून तो मागे लागला आणि बोलता बोलता त्याची नजर तिच्या मनगटावर गेली. हे काय आहे, असं त्यानं विचारलं. हे आमचं घरचं आहे, असं धुरपता म्हणाली. पण कारागीर हा शब्द अजून जिभेवर होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

पहिल्या तुकड्यावर तिनं झाड टोचायला घेतलं आणि सवयीनं गाणं सुरू केलं. अर्ध्यावरच ती थबकली. सुई आत जात होती, बाहेर येत होती, पण रक्ताचा थेंब नव्हता, हात मागे ओढणं नव्हतं, शिवी नव्हती. मांडीवर ते कातडं गुमान पडून होतं. जणू ते ऐकत होतं. धुरपताच्या पाठीवर काटा आला. गाणं तिनं तिथंच सोडलं आणि तोंड मिटून घाईघाईनं काम उरकलं. झुबका नेहमीसारखा राखेनं घासला, हळदीच्या पाण्यात बुडवला आणि कोनाड्यात ठेवून दिला. ताराचंद माल घेऊन गेला. जाताना पोरीच्या लग्नात लुगडं धाडतो म्हणाला.

पंचफुलाचं लग्न आष्टीकडे ठरलं होतं. फाल्गुनात मावशीनं तिला समोर बसवलं. गल्लीतल्या बाया नेहमीप्रमाणे मजा बघायला जमल्या. मावशीची सख्खी भाची कोणत्या शिव्या घालते, यावर त्यांची आधीच पैज लागली होती. पण पंचफुलानं दात आवळले आणि तोंडातून हूं की चूं काढलं नाही. मावशीला शिवी द्यायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. बायांनी कौतुक केलं. धुरपताला ते कौतुक बोचलं. झुबका खाली जात होता, पोर गप्प होती, आणि ती गप्प बसण्याची जात धुरपतानं थोड्याच दिवसांपूर्वी पाहिली होती.

"दे नं वं एखादी शिवी," ती हळूच म्हणाली.

"काऊन देऊ? तू काय मले परकी हायेस?" पंचफुला हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसली.

मग एके सकाळी पंचफुलाच्या मनगटावर, अगदी दोन फांद्या फुटतात तिथं, पुळी आली. गोंदल्यावर सूज येते, ठणका लागतो, हे धुरपताला नवं नव्हतं. तिनं हळद-तेल लावलं. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला आणि पुळीच्या जागी काळी खपली धरली. काळी म्हणजे काजळासारखी नव्हे. पोळलेल्या लाकडासारखी. पोरीच्या अंगात ताप फणफणला. धुरपतानं भीत भीत खपलीवर बोट ठेवलं आणि दुखतं का विचारलं.

"नाई मावशे. तिथं काईच लागत नाई."

दुखत असतं तर धुरपतानं देवाचे आभार मानले असते. तिनं आणखी जरा दाबलं, मग नखानं दाबलं. पोर नुसती बघत होती. त्या जागेवरचं कातडं मेलं होतं. सासू 'का' ते सांगून गेली नव्हती. ते आता तिला कळलं, किंवा कळलं असं वाटलं. सुई मेल्या कातड्यात जाऊन आली होती आणि येताना मरण घेऊन आली होती. आणि मरण तरी कुणाचं? ज्या झाडाची एक फांदी रामबाईची, ते झाड तिनं परक्या बाईच्या पर्सवर टोचून विकलं होतं. रामबाई पलीकडे आपलं गोंदण मागत होती, आणि ते मिळत नाही म्हणून पोरीला न्यायला आली होती.

हे ती कुणाजवळ बोलली नाही. मोहल्ल्यातल्या डोमाजी भगतानं येऊन नाडी पाहिली, खपली पाहिली आणि विचारलं, सुई कशाले लागली होती? बायांच्या हातालेच, असं ती म्हणाली. डोमाजीनं तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग हे आपल्या हातातलं नाही, वर्ध्याले न्या, म्हणून तो उठला.

पुनाजीनं पहाटेच बंडी जुंपली. वाटभर धुरपता पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा श्वास मोजल्यासारखा ऐकत होती. श्वास जरा लांबला की तिचाही थांबायचा. पुनाजी एकदाच मागे वळून म्हणाला, "पोट्टी बोलते नं?" ती हो म्हणाली. पोट्टी बोलत नव्हती.

दवाखान्यातले डॉक्टर वासुदेवराव शांत स्वभावाचे होते. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला. विष वर चढतं आहे, ही जागा आत्ताच चिरून मोकळी केली पाहिजे आणि तेवढ्यानं भागलं नाही तर हाताचा विचार करावा लागेल, असं त्यांनी पुनाजीला समजावलं. मग धुरपताला विचारलं, "ही सुई आणखी कशाकशाला लागली होती?"

"बायांच्या हातालेच, सायेब."

का खोटं बोलली? खरं सांगितलं असतं तर गावात पुन्हा एका बाईनं तिच्यापुढे हात केला नसता. पण ते कारण धाकटं होतं. मोठं कारण शेजारी उभं होतं, खांद्यावरचा पंचा दोन्ही हातांनी पिळत. पुनाजी आयुष्यात तिला उलटून शब्द बोललेला नव्हता. आता तिच्याकडे बघून तो काय म्हणेल, याची तिला डॉक्टरच्या चाकूपेक्षा जास्त भीती वाटली. आणि मनात तिनं आपला उपाय ठरवलेला होताच. ताराचंदच्या दुकानातून ती पर्स परत आणायची, रामबाईचं रामबाईला देऊन टाकायचं, मग ती पोरीला सोडील. पाणी पिऊन येते, असं सांगून धुरपता दवाखान्याबाहेर पडली आणि बाजाराच्या दिशेनं पळत सुटली.

ताराचंद गादीवर बसला होता. पर्स परत पाहिजे म्हटल्यावर तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. माल तर मुंबईला पोचला, असं त्यानं सांगितलं. ती झाडाची पर्स दुकानात मांडायच्या आधीच एका बड्या घरच्या बाईनं उचलली. कोण, कुठली, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण तशाच आणखी करून द्याल तर...

धुरपता मटकन खाली बसली. रामबाईची फांदी आता कुठल्या तरी बंगल्यात, कुठल्या तरी मोटारीत, एका अनोळखी बाईच्या काखेत हिंडत होती, आणि ती मागायला जायची वाट धुरपताला ठाऊक नव्हती. इकडे डॉक्टर चाकू उकळत असतील.

दुकानाच्या मागच्या पडवीत कातडं कापणारा चिंधू बसला होता. म्हातारीला पाणी द्यावं म्हणून तो तांब्या घेऊन पुढे आला. गळ्याला त्यानं फडकं गुंडाळलं होतं. तांब्या द्यायला वाकला तेव्हा ते सरकलं. कानाखाली, मानेवर, पोळलेल्या लाकडासारखी काळी खपली होती.

धुरपतानं त्याचं मनगट धरलं. "हे दुखते का रे?"

"नाई दुखत, बाई. तेचंच तर नवल हाय." चिंधूनं फडकं वर ओढलं आणि मालकाकडे चोरून बघत आवाज खाली आणला. "एका गावात बकऱ्या पटापट मेल्या होत्या. सेठनं ते कातडे सस्त्यात घेतले, पर्सांचे तुकडे मीच त्यातून कापले. ज्यानं ते सोलले त्याच्या हाताले असंच झालं होतं."

"मंग? तो कुठी हाय?"

"तो गेला नं."

रामबाईचा विचार धुरपताच्या डोक्यातून कुठल्या कुठे गेला. चिंधूनं तर कुणाचं गोंदण विकलं नव्हतं. ज्यानं बकऱ्या सोलल्या त्यानंही नाही. त्यांच्यावर कोण रागावणार? ती ताडकन उठली. तिनं चिंधूचं मनगट सोडलंच नाही. चाल माह्यासंगं, एवढंच म्हणाली आणि त्याला भर बाजारातून ओढत घेऊन निघाली. मागून ताराचंद हाका मारत होता. लोक थांबून बघत होते. चिंधू आधी ओढला जात होता, मग का कोण जाणे तोही पळायला लागला.

पंचफुलाला टेबलावर घेतलं होतं. डॉक्टरांनी हात धुतले होते. दारातल्या नर्सबाईनं अडवलं तरी धुरपता आत शिरली, चिंधूला पुढे ढकललं आणि त्याच्या मानेवरचं फडकं ओढून काढलं. पुनाजी तिथंच भिंतीशी उभा होता. त्याच्या देखत ती बोलली.

"मी खोटं बोलली, सायेब. माही सुई मेल्या बकऱ्याच्या कातड्याले लागली होती. त्या कातड्याचं यालेही हेच झालं. सोलणारा मेला."

डॉक्टरांनी चिंधूची मान पाहिली. पंचफुलाचं मनगट पुन्हा पाहिलं. मग हातातला चाकू ताटलीत ठेवला.

"काळपुळी," ते म्हणाले. "ढोराबकऱ्यांचा रोग. चिरलं असतं तर विष अंगभर पसरलं असतं." आणि नर्सबाईंना पेनिसिलिन आणायला सांगून ते धुरपताकडे वळले. "सकाळी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस, बाई?"

"भेव वाटला," ती म्हणाली.

पुनाजी बाहेर गेला आणि बराच वेळ बैलांच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिला. मग येऊन तिच्याजवळ खाली बसला. डॉक्टरांची सुई पंचफुलाच्या अंगात शिरली तेव्हा धुरपतानं डोळे मिटून घेतले. हजारो सुया तिनं स्वतः टोचल्या होत्या, ही एक तिच्यानं बघवली नाही.

ताप उतरायला दिवस गेले. ते दिवस कसे गेले ते धुरपतालाच ठाऊक. ती रोज पोरीच्या हाताला चिमटा काढून बघायची आणि पोर कळवळली की आनंदानं रडायची. सूज ओसरली, चिंधूही वाचला. काळी खपली शेवटी गळून पडली, आणि तिच्यासोबत झाडही गेलं. मनगटावर पांढुरकी खोलगट जागा राहिली, खाली ठिपक्यांची थोडी माती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून धुरपतानं सासूच्या सासूचा झुबका स्वतःच्या हातानं चुलीत घातला. सुया लाल झाल्या, मग काळ्या पडल्या. ताराचंद लुगडं आणि नवी ऑर्डर घेऊन दारात आला तेव्हा तिनं त्याला सोलणाऱ्याचं सांगितलं. मुझे क्या मालूम था, असं तो म्हणाला, आणि ते निम्मं खरंही असेल. लुगडं तिनं घेतलं नाही.

त्यानंतर धुरपतानं कुणाला गोंदलं नाही. पोरी येत, हात पुढे करत, ती नाही म्हणे. आपल्या हाताचा तिला भरवसा उरला नव्हता. बसल्या जागी ती आपल्याच बोटांकडे बघत राहायची.

लग्न पुढे वैशाखात झालं. दिवाळीला पंचफुला माहेरी आली ती मशीनच्या कोऱ्या सुयांचं पुडकं घेऊनच. तिनंच चुलीवर पाणी ठेवलं, सुया उकळल्या, काजळ पाडलं आणि मावशीपुढे येऊन बसली. धुरपता मागे सरकली. माहा हात नको लावून घेऊ, म्हणाली.

"तुह्या हातावर माह्या मायची फांदी हाय," पंचफुला म्हणाली. "माह्या हातावर काईच नाई. मी मेल्यावर माय मले वळखीन कशी, मावशे?"

धुरपतानं सुया उचलल्या. पांढऱ्या व्रणावर पहिला टोच मारला. रक्त आलं नाही. दुसरा मारला. नाही. पंचफुला गप्प होती. मांडीवरचं ते मनगट गुमान पडून होतं, आणि धुरपताच्या पाठीवरून तोच जुना काटा सरसरत वर आला. सगळी भीती आपल्या मनगटात उतरवून तिनं तिसरा टोच खोल मारला.

लाल थेंब वर आला, फुगला आणि ओघळला.

"अगं माय!" पंचफुला किंचाळली. "तुह्या हातात किडे पडो, बुढे, जीव घेतं का माहा?"

गल्लीतल्या बाया खदाखदा हसल्या. धुरपतानं पदरानं डोळे पुसले, सुया काजळात बुडवल्या आणि त्या कातड्यापाशी जिथं सोडलं होतं तिथून गाणं पुढे म्हणायला घेतलं.